पाऊणकी, होकायंत्र आणि मच्छरदाणी

कोकणातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर वर्षातून दोनदा एक छोटी बातमी येते. मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचं सत्र सुरू होणार आहे, इच्छुकांनी अर्ज करावेत. अभ्यासक्रमाचं नाव एका दमात म्हणता येत नाही : सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन, सागरी डिझेल इंजिन देखभाल व परिचालन. त्याखाली अटी. वय 18 ते 35. शिक्षण किमान चौथी पास. पोहता येणं आवश्यक. मच्छीमार सहकारी संस्थेची शिफारस हवी. आणि उमेदवार क्रियाशील मच्छीमार असावा, त्याला मासेमारीचा किमान दोन वर्षांचा अनुभव असावा.

या शेवटच्या अटीपाशी मी दर वेळी अडखळतो. मासेमारी शिकवणाऱ्या शाळेत प्रवेश मिळवायचा तर मासेमारी आधीच यायला हवी! वर्सोवा, सातपाटी, अलिबाग, रत्नागिरी, मालवण अशी ही राज्य सरकारची केंद्रं किनाऱ्यावर पसरली आहेत. फी परवडणारी आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तर नाममात्रच. पण दार उघडतं ते ज्याचा पाय आधीच होडीत आहे त्याच्यासाठी.

तरी अट वेडगळ नाही. तिच्यामागे एक जुना हिशेब आहे. कोळ्याच्या, गाबिताच्या, भंडाऱ्याच्या घरात समुद्र शिकवायला वेगळी शाळा लागत नसे. पोरगा आठ-दहा वर्षांचा झाला की वडलांबरोबर, मामाबरोबर होडीत बसायचा. पहिली दोन वर्षं काम एकच, होडीत साचलेलं पाणी उपसायचं आणि ओकाऱ्या आवरायच्या. मग जाळं ओढायला हात लावायचा. मग कधीतरी सुकाणू. किनाऱ्यावरचं देऊळ आणि त्यामागची टेकडी एका रेषेत आली की आपण कुठे आहोत ते कळतं, ही खूण त्याला कुणी फळ्यावर काढून दाखवली नाही. खोली वावात मोजायची. उधाणाला डोलजाळी लावायची, भांगाला घरी बसून ती सांधायची.

आणि भरतीचं गणित! आपण शाळेत पाऊणकी पाठ केली आणि विसरलो. किनाऱ्यावरच्या माणसाला ती रोज लागते. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर हे चांगलं जुळतं, आणि त्याला कागद-पेन्सिलही लागत नाही.

या शिक्षणात खिंडार पडलं ते इंजिनामुळे. केरळात 1953 मध्ये भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक होड्या आणि ट्रॉलचं जाळं आलं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर शिडाची जागा डिझेलने घेतली. बापाला वारा कळत होता, नोझल कळत नव्हतं. पंधरा वावांत मासेमारी करणारी होडी आता चाळीस वावांपलीकडे जाऊ लागली, जिथून ना देऊळ दिसतं ना टेकडी. घरातली विद्या तिथे संपली. प्रशिक्षण केंद्रं ही त्या उसवलेल्या जागी मारलेली ठिगळं आहेत. पोराला समुद्र येतो हे गृहीत धरायचं आणि बापाला जे येत नव्हतं तेवढंच शिकवायचं.

तेवढंच, पण ते काही थोडं नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडतं तेव्हा बहुतेकदा कारण क्षुल्लक असतं. डिझेलमध्ये पाणी गेलेलं असतं, फिल्टर कचऱ्याने तुंबलेला असतो, नाहीतर नळीत हवा अडकलेली असते. हवा काढणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. नट सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेसाळ डिझेल संपून निखळ धार आली की नट आवळायचा. हे ज्याला येत नाही त्याची बोट वाऱ्यावर सोडल्यासारखी वाहत जाते आणि तिला ओढून आणायला दुसऱ्या बोटीला आपली फेरी सोडावी लागते. दुसरा धडा दिव्यांचा. समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही दिसले तर ते थेट आपल्याच रोखाने येतंय. रात्री मुंबईबाहेरच्या जहाजांच्या वाटेवर जाळं टाकून बसणाऱ्याला एवढं ज्ञान जन्म-मरणाचं आहे. मग नकाशा, होकायंत्र, जीपीएस, आणि रेडिओचा 16 नंबरचा चॅनल, जो संकटासाठी मोकळा ठेवायचा असतो, लग्नाच्या गप्पांसाठी नव्हे.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. एक सत्र 1 जानेवारी ते 30 जून, दुसरं 1 जुलै ते 31 डिसेंबर. राज्यात मासेमारी बंद असते ती 1 जून ते 31 जुलै, दोनच महिने. म्हणजे दुसऱ्या सत्रात बसलेला तरुण नारळी पौर्णिमेनंतरचा, ज्या दिवसांत मासा आणि पैसा दोन्ही असतात तो सगळा हंगाम वर्गात घालवणार. घरची बोट असेल तर एखाद्या भावाला सोडता येतं. पण ज्याने नाखव्याकडून, म्हणजे बोटीच्या मालकाकडून, हंगामाची उचल घेतली आहे तो कुठून सुटणार?

आणि आज बोटीवर बहुसंख्येने असतो तो हाच माणूस. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरात पहाटे उभं राहा. बोट कोकणातल्या माणसाची, ती चालवणारा तांडेल बहुतेकदा इथलाच, पण टोपल्या उतरवणाऱ्यांची बोली ऐका. त्यात नेपाळी असते. इकडून उत्तरेला गेलात तर उलट दिसतं. पालघर जिल्ह्यातल्या तलासरी-डहाणूचे आदिवासी तरुण वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. डोंगरात वाढलेली ही मुलं. त्यातली काही सागरी हद्दीजवळ पकडली जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढून आली आहेत. हद्द पाण्यावर आखलेली नसते, ती जीपीएसच्या पडद्यावर असते, आणि पडदा तांडेलाच्या खोलीत. खलाशाला तो बघता येतो की नाही हे कुणी विचारत नाही.

खरा नवखा म्हणजे हा. त्याची शाळा बोटीवरच भरते. पहिल्या हंगामात तो भात शिजवतो. खलाशांच्या जुन्या बोलीत स्वयंपाक्याला भंडारी म्हणत. भात शिजवता शिजवता तो बघतो : दोर कुठे उभं राहून सोडायचा, सुटणाऱ्या दोराच्या वेटोळ्यात पाय का ठेवायचा नाही, कुठला मासा काट्याने फोडतो. शिकला तर पुढच्या हंगामात जाळ्यावर. पोहता येण्याची अट त्याला कुणी घालत नाही.

कोरी पाटी घेऊन येणाऱ्याला बाकावर बसवणारी शाळा देशात आहे, पण ती कोचीला. केंद्र सरकारने 1963 मध्ये काढलेली ही संस्था आज सिफनेट या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. चेन्नई आणि विशाखापट्टणमला तिच्या शाखा आहेत. दहावीला गणित-विज्ञान असलेल्या मुलाला तिथे दोन वर्षांत नौकानयन किंवा जहाजाच्या इंजिनाचं काम शिकवतात. संस्थेच्या स्वतःच्या बोटी आहेत. पुढे समुद्रावरचा काळ भरून, परीक्षा देऊन मेट आणि मग स्किपर होता येतं. तिथे आडनाव किंवा सोसायटीची शिफारस लागत नाही. मात्र तिथून निघणारा मुलगा मोठ्या जहाजांकडे, सर्वेक्षणाच्या बोटींकडे बघत असतो. हर्णैच्या तीन सिलिंडरच्या होडीवर तो येणार नाही, आणि का यावं त्याने?

शिंपल्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडते.

कालवं, शिणाणे, तिसऱ्या गोळा करणं हे कोकणात बायकांचं काम. ओहोटीला खडकावर बसून लहानशा लोखंडी हत्याराने कालव फोडायचं, मांस वाटीत. कंबर मोडते, हात कापतात, आणि खडक हळूहळू उघडा पडतो. ही मेहनत पालनाकडे वळवायचं शास्त्र आपल्याकडे तयार झालं ते दक्षिणेत. तुतिकोरिनला 1970च्या दशकात कालवांवर काम झालं. 1990च्या दशकात केरळच्या कासरगोड भागात बायकांचे गट खाडीत शिणाणे वाढवू लागले. सिंधुदुर्गात हे शिक्षण 2010च्या दशकात, किनारी जैवविविधतेच्या एका प्रकल्पातून आणि पुढे राज्याच्या कांदळवन योजनेतून बचत गटांपर्यंत पोचलं.

या वर्गाला बाक नसतात. खाडीत गुडघाभर पाण्यात बांबू रोवून मांडव उभा करायचा हा पहिला धडा. कालवांसाठी मेलेल्या कालवांचीच कवचं भोक पाडून दोरीत ओवायची, एका माळेत पाच-सहा. या माळेला शास्त्रज्ञ ‘रेन’ म्हणतात, शब्द जपानी आहे. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग कुठेतरी जे चिकटतं ते जन्मभरासाठी. त्याला घर म्हणून आपल्याच पूर्वजांचं कवच सगळ्यात पसंत. माळ पाण्यात कधी सोडायची हीच खरी विद्या. लवकर सोडली तर कवचांवर शेवाळ आणि गाळ बसतो आणि पिल्लाला जागा उरत नाही. उशीर केला तर पिल्लं दुसरीकडे चिकटून मोकळी.

शिणाण्यांची युक्ती त्याहून मजेशीर. खडकावरचं बारीक बी आणायचं, जाड नायलॉनच्या मीटरभर दोराभोवती किलो-दीड किलो पसरायचं आणि त्याला मच्छरदाणीच्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून शिवून टाकायची. दोर पाण्यात टांगला की शिणाणे आपले चिवट धागे काढून नायलॉनला धरतात. तोवर सुती कापड कुजून गळून जातं. कापड नायलॉनचं घेतलं तर ते गळत नाही आणि शिणाणे आतच गुदमरतात. स्वस्त मिळालं म्हणून भलतं कापड आणलं की अख्ख्या हंगामाचं बी जातं.

खाऊ घालावं लागत नाही हे या शेतीचं मोठं सुख. शिंपला पाणी गाळतो आणि त्यातलं बारीक वनस्पतीजीवन खातो. पण तो चांगलं-वाईट निवडत नाही. खाडीत गावचं सांडपाणी येत असेल तर तेही त्याच्या पोटात. म्हणून विकण्याआधी त्याला स्वच्छ पाण्यात साधारण दिवसभर ठेवायचं असतं. हा धडा सांगायला सोपा आणि पाळायला कठीण, कारण गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि एक दिवस थांबलं तर वजन घटतं. गोव्यात ‘शिनाण्यो’ म्हटलं की लोक भावाची घासाघीस करत नाहीत म्हणे. तिथे पोचवायचं तर माल जिवंत हवा.

इथे दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला कुणी मागत नाही. तरी बायका अगदी कोऱ्या नसतात. कुठल्या वळणावर पाणी गोडं होतं, कुठे गाळ साचतो, हे त्या शिकवायला आलेल्यांना सांगतात आणि मांडवाची जागा बदलायला लावतात. त्यांच्याकडे नसतं ते त्या पाण्यावर हक्काचं कागदपत्र. मांडव यांनी बांधायचा, बी यांनी टांगायचं, आणि खाडी मात्र सगळ्यांची. रात्री एखादी होडी मांडवातून गेली, दोर कापले गेले, तर तक्रार कुणाकडे आणि कशाच्या आधारावर? या प्रश्नाचं प्रात्यक्षिक कुठल्याच वर्गात होत नाही.

साधारण डिसेंबरात टांगलेले दोर एप्रिल-मेमध्ये काढायचे. मृगापर्यंत थांबून चालत नाही. पहिल्या लोंढ्याबरोबर खाडीचं पाणी गोडं होतं आणि शिणाणे तोंड उघडून मरतात. किलो-दीड किलो बी गुंडाळलेला तोच मीटरभर दोर आता चांगला भरला तर दहा-बारा किलोंचा झालेला असतो. एकीने ओढून तो येत नाही. दोघी ओढतात, तिसरी होडीच्या दुसऱ्या काठावर जाऊन बसते, नाहीतर होडी कलंडेल.