कापूस आपला, घाम कोणाचा?

एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की साधारण ३४ किलो रुई निघते. कताई, विणाई, कटाईची घट वजा केली तरी त्यातून दीडशेच्या आसपास टी-शर्ट होतात. कापसाला भाव काय, हे आपण रोज विचारतो. त्याचा कपडा शिवणाऱ्याच्या हाती काय पडते, हे मात्र क्वचितच विचारतो.

तुटपुंजी मजुरी, बारा-बारा तास काम आणि जिवाला धोका अशा शिलाई कारखान्यांना ‘स्वेटशॉप’ म्हणतात. ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. भिंतींना आदल्याच दिवशी तडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. शिलाई कामगारांना मात्र कामावर चढवले गेले.

यावर काही मंडळी म्हणतात, आपणच नीतीने चालणारा कपड्यांचा धंदा काढू. कामगाराला पुरेशी मजुरी देऊ, गिऱ्हाईक आपोआप येईल. अशा धंद्याने कामगारांच्या चळवळीचे काम होते का? होते, पण अर्धेच.

मजुरी वाढली, किंमत नाही

डोमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन देशात एका गावी नामवंत कंपन्यांच्या टोप्या शिवणारा कारखाना होता. कामगारांनी संघटना बांधली आणि पुढे २००७ मध्ये तो बंद पडला. त्याच जागी २०१० मध्ये नाइट्स अ‍ॅपरल या अमेरिकन कंपनीने ‘अल्टा ग्रासिया’ नावाने टी-शर्ट शिवायला सुरुवात केली. मजुरी सरकारी किमान दराच्या तिपटीहून जास्त ठेवली, संघटनेला मान्यता दिली. एका टी-शर्टमागे खर्च किती वाढला? सुमारे ८० सेंट. दुकानात तो विकला जायचा १८ डॉलरला, म्हणजे इतर नामवंत मालाच्याच भावात.

‘मजुरी वाढवली तर धंदा परवडत नाही’ या सबबीला हे रोकडे उत्तर होते. पण हा माल खपला कुठे? अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या दुकानांत. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वेटशॉपच्या मालाविरुद्ध आधी दहा-बारा वर्षे आंदोलन केले होते. म्हणजे बाजार चळवळीने तयार केला, मग धंदा उभा राहिला.

मालक भला, पण मालकच

दुसरी बाजूही पाहा. लॉस एंजेलिसची अमेरिकन अ‍ॅपरल ही कंपनी ‘आमचा माल स्वेटशॉपचा नाही’ असे सांगून कपडे विकायची. मजुरी बरी होती, पण संघटनेला विरोध होता. कंपनीने २०१५ आणि २०१६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, २०१७ मध्ये ती विकली गेली आणि कारखाना बंद झाला. कामगारांच्या हाती काहीच राहिले नाही.

शिक्क्याचेही तसेच. कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगार-कल्याणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबरला, तिथे आग लागून अडीचशेहून अधिक माणसे गेली. कागद होता, पण बाहेर पडायला वाट नव्हती.

आपल्याला हे नवे नाही. एखादा व्यापारी काटा सरळ धरतो, चुकारा रोख देतो. असा माणूस भेटला तर चांगलेच. पण म्हणून बाजार समितीतला उघडा लिलाव आणि काट्याची तपासणी बंद करा, असे आपण म्हणू का?

करार बांधून घेतो

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये कामगार संघटनांनी मोठ्या कंपन्यांकडून इमारत व आग सुरक्षेचा लेखी करार करून घेतला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. शब्द मोडला तर कंपनीला लवादापुढे उभे करता येऊ लागले. आपल्या देशात तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात जानेवारी २०२१ मध्ये एका तरुण शिलाई कामगार महिलेचा खून झाला. त्यानंतर महिलांच्या पुढाकाराने चालणाऱ्या संघटनेने एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याशी छळ रोखण्याचा करार केला. एच अँड एमसारख्या खरेदीदार कंपनीनेही स्वतंत्र करारावर सही केली. भल्या धंद्याने दाखवलेली वाट सगळ्यांना चालायला लावायची, तर असा करार लागतो.

गावाने काय करावे?

- गावातली मुले-मुली शिलाई कारखान्यात निघाली, तर सरपंच-ग्रामसेवकांनी नाव, ठिकाण आणि ठेकेदाराचा पत्ता लिहून ठेवावा.
- नेमणूकपत्र, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, जादा कामाचे दुप्पट दाम आणि महिलांसाठी तक्रार समिती आहे का, हे जाण्याआधीच विचारावे.
- ‘तीन वर्षांनी लग्नासाठी एकरकमी पैसे’ असा वायदा कोणी केला, तर सावध व्हा. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाखाली मुलींची अशीच पिळवणूक झाली.
- शाळेचे गणवेश बचत गटाकडून शिवून घेत असाल, तर दर ठरवताना एक हिशेब मांडा: एक बाई दिवसात किती नग शिवते? त्याला दराने गुणले की किमान वेतन भरते का? भरत नसेल तर दर वाढवा.

हा शेवटचा हिशेब पुढच्या मासिक सभेत मांडून पाहा. आपल्या कापसाला रास्त भाव मागायचा, तर गावातल्या शिलाईचा दरही रास्तच हवा.