गोष्ट जिथली, तिथं ती सांगावी

अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी 1470 च्या आगेमागे बिदरला येऊन राहिला होता. सुलतानाची स्वारी, हत्तींचे साज, घोड्यांचा बाजार, सरदारांचा थाट आणि रयतेची दैना हे सगळं त्यानं व्यापाऱ्याच्या चोख नजरेनं लिहून ठेवलं. त्याच टिपणांत आळंदला शेख अलाउद्दीन यांच्या नावानं भरणाऱ्या जत्रेचं वर्णन आहे, आणि जत्रेला लागूनच एका पक्ष्याचं. हा पक्षी रात्री ओरडत फिरतो, ज्या घरावर बसेल तिथं कुणीतरी मरतं, आणि त्याला मारायला जावं तर त्याच्या चोचीतून आग निघते. पुढं माकडांचा राजा येतो; प्रजेला कुणी त्रास दिला तर तो फौज पाठवून माणसांची घरं उद्ध्वस्त करतो. इतिहासकार या मजकुरातून बाजार आणि दरबार उचलतात आणि पक्षी तिथंच सोडतात. अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही हवं असतं. या मुलखात ते दोन्ही एकाच पानावर सापडतं.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद हा बिदरच्या आसपासचा पट्टा अशा कादंबरीसाठी किती संपन्न आहे, हे मराठी लेखकांना अजून पुरतं उमगलेलं नाही. सह्याद्रीचे गड आपण पिंजून काढले. हरिभाऊ आपट्यांनी ‘वज्राघात’मध्ये विजयनगरपर्यंत मजल मारली, पण बिदर बाजूलाच राहिलं. एकटा महमूद गावान घेतला तरी काय नाट्य आहे! इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला माणूस बहमनींचा वजीर होतो. गोवा जिंकतो, 1472 मध्ये बिदरला मदरसा उभारतो, त्यासाठी दूरदूरहून विद्वान बोलावतो. मग विरोधक त्याच्या शिक्केवाल्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतात आणि ओरिसाच्या राजाच्या नावे फितुरीचं पत्र तयार करतात. 1481 मध्ये सुलतान तिसरा मुहम्मदशहा त्याचा शिरच्छेद करवतो आणि पुढच्याच वर्षी स्वतःही मरतो. मदरशाचा उरलेला मिनार आणि त्यावरची रंगीत फरशी आजही बिदरला पाहता येते. या हकिकतीत आळंदचा तो आगीचा पक्षी सोडला की कादंबरी उभीच राहिली. ती कुणीतरी लिहील, लिहायलाच हवी. माझं म्हणणं तिच्या प्रकाशनाबद्दल आहे. अशा पुस्तकाचा प्रचार लेखकानं गोष्ट जिथं घडते तिथं जाऊन, मोठ्यानं वाचून आणि ‘यातलं खरं किती, माझं किती’ हे श्रोत्यांसमोर सांगून करावा. पुण्यामुंबईच्या सभागृहात अध्यक्षांच्या हस्ते पुस्तक काढलं, छायाचित्रं झाली, चहापान झालं, की एरवीच्या पुस्तकाचं भागतही असेल. या प्रकारच्या पुस्तकाचं भागत नाही.

हे म्हणणं आपल्या परंपरेला धरूनच आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरी ग्रंथरूपात येण्याआधी वाचकांपर्यंत हप्त्याहप्त्यानं पोचत असे. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 पासून ‘विविधज्ञानविस्तारा’तून आली. हरिभाऊंनी 1890 मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘उषःकाल’ तिथं क्रमशः छापली. पुस्तक बाजारात येईपर्यंत त्याचा वाचक तयार झालेला असे, कारण त्यानं कथेची आठवड्यामागून आठवडे वाट पाहिलेली असे. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं 1909 मध्ये दिवाळी अंक काढला, आणि पुढं दिवाळी अंकांत आगामी कादंबरीचं एखादं प्रकरण देण्याची रीत रुळली. ग्रंथालीनं 1970 च्या दशकात प्रकाशनापूर्वीच सवलतीत नोंदणी करून पुस्तकं गावोगाव नेली. अलीकडचं उदाहरण मुंबईच्या अमीश त्रिपाठींचं. अनेक प्रकाशकांनी नाकारलेली त्यांची शिवकथा 2010 मध्ये आली तेव्हा पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटण्यात आलं आणि चित्रपटासारखी झलक इंटरनेटवर टाकण्यात आली. ते पुस्तक पुढं मराठीसह अनेक भाषांत गेलं. जाहिरातीची साधनं बदलली तरी या सर्वांनी एकच केलं. पुस्तकाबद्दल बोलण्याआधी त्यांनी पुस्तकातलाच तुकडा वाचकाच्या हाती दिला.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. इतिहासात अद्भुत मिसळलं की लोक कल्पितालाच इतिहास मानू लागतात. मग बिदरसारख्या ठिकाणी, जिथं बहमनी, शरण, वारकरी आणि शीख अशा अनेक स्मृती एकमेकींना खेटून आहेत, तिथं असं वाचन म्हणजे भांडणाला आमंत्रण. दूर राहणंच शहाणपणाचं, असं काही प्रकाशकांनाही वाटेल. पण याच प्रांतानं या आक्षेपाला शतकानुशतकं उत्तर दिलं आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली, बादशहाचं बोलावणं आलं, आणि विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरली. महिपतींनी 1762 च्या ‘भक्तविजया’त ही कथा गुंफली आणि कीर्तनकारांनी ती घरोघरी पोचवली. दुष्काळ, कोठार, बादशाही वसुली हा इतिहासाच्या ओळखीचा भाग. विठू महार हा भक्तीचा. ऐकणाऱ्याला दोन्हींतला सांधा कळतो, कारण सांगणारा समोर उभा असतो आणि पूर्वरंग-उत्तररंगाच्या ओघात तो सांधा त्याला उघडा ठेवावा लागतो. शिवाय या कथेतला बादशहा शेवटी विठूच्या दर्शनासाठी व्याकूळ होतो. बिदरचं तख्त आणि पंढरीचा देव एका गोष्टीत आणूनही तिनं कुणाचा द्वेष शिकवला नाही. धोका अद्भुतात नसतो. सांगणारा नाहीसा होतो आणि कल्पित प्रसंगाचं एखादं सुटं पान फोनवरून फिरत राहतं, तेव्हा तो सुरू होतो. म्हणून तर लेखकानं हजर असलं पाहिजे.

आणि हजर राहून त्यानं टीका ऐकली पाहिजे. इथं शेजारच्या नांदेडचा आदर्श आहे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नांदेडच्याच नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. त्यात कुरुंदकर शिवचरित्राकडं आणि कादंबरीच्या मर्यादांकडं स्वतंत्रपणे पाहतात. देसाईंनी ते आपल्याच पुस्तकाच्या दारात छापलं, म्हणून पुस्तकाचं काही कमी झालं नाही. वाचक अधिक विश्वासानं आत गेला. वॉल्टर स्कॉटनंही उतारवयात आपल्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती काढताना कथांची मुळं सांगणाऱ्या टिपा जोडल्या. प्रकाशनाच्या सभेत हेच काम तोंडी व्हावं. गावानचं बनावट पत्र इतिहासात आहे, पक्षी निकितीनचा आहे, पक्ष्याशी बोलणारी मुलगी माझी आहे, इतकं लेखकानं सांगितलं तर कथेची जादू उतरत नाही. ती कशातून विणली आहे हे दिसलं की उलट ती वाढते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. औरादला मराठी पुस्तक घेणारे किती? 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखाबरोबर गेले. औराद, भालकी म्हैसूर राज्यात गेले. आज घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात त्यांच्या जोडीला दखनी, असा इथला दिवस असतो. कन्नड माध्यमात शिकलेल्या पोराला मराठी कादंबरीचं पान अडखळत वाचावं लागतं, हे खरं आहे. पण तेच पोर कीर्तन, भारूड, आजीची गोष्ट मराठीतून सहज ऐकतं. म्हणजे वाचक थोडे असले तरी श्रोते पुष्कळ आहेत, आणि वाचून दाखवणं हा श्रोत्याला वाचक करण्याचा सर्वांत जुना मार्ग आहे. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा साहित्याचा मांडव या सीमेच्या दारापर्यंत आला होता. तिथून औराद काही लांब नाही, पण संमेलनाला येणारे लेखक सहसा तिथूनच माघारी फिरतात.

लेखकाचं काम लिहिणं, फिरणं नव्हे, असंही म्हटलं जाईल. बहुतेक पुस्तकांच्या बाबतीत मला ते मान्य आहे. कवीला किंवा समीक्षकाला गावोगाव हिंडायला लावू नये. पण ज्यानं दुसऱ्यांच्या गावाचा भूतकाळ घेऊन त्यात आपली कल्पना पेरली आहे, तो त्या गावाचं देणं लागतो. पहिलं वाचन अमरेश्वराच्या औरादला, दुसरं बिदरला मदरशाजवळच्या एखाद्या सभागृहात, तिसरं आळंदला, आणि त्यानंतर पुणं, असा क्रम ठेवला तर खर्च फारसा वाढत नाही. प्रत्येक ठिकाणी एका प्रकरणाची स्वस्त पुस्तिका मराठीत असावी आणि त्याच प्रकरणाचा कन्नड अनुवादही बरोबर असावा, कारण गावानची गोष्ट कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचीही आहे आणि प्रश्न विचारायला तेही येतील. निकितीनच्या टिपणातला तो उतारा पुस्तिकेच्या मलपृष्ठावर जसाच्या तसा छापता येईल. आळंदच्या श्रोत्यांपैकी कुणाला त्या पक्ष्याची वेगळी आख्यायिका ठाऊक असेल, तर दुसऱ्या आवृत्तीत लेखकानं ती सांगणाऱ्याच्या नावासह घालावी.