सुरा, औषध आणि स्मृती

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल या गृहपतिपुत्राला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि सर्वांत शेवटी प्रज्ञेचे दौर्बल्य. पहिले पाच परिणाम कोणत्याही वस्तीत उघड्या डोळ्यांनी दिसतात. सहावा तसा दिसत नाही. तो कसा घडतो हे समजण्यासाठी मेंदूच्या कार्याकडे वळावे लागते.

नवी गोष्ट स्मरणात साठवण्याच्या कार्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग प्रमुख आहे. मेंदूतील पेशी ग्लुटामेट या द्रव्याने एकमेकींना चेतवितात व गॅबा या द्रव्याने शांत करतात. एकत्र चेतणाऱ्या पेशींमधील दुवे बळकट होणे, हीच शिकण्याची शारीरिक बाजू होय. मद्य ग्लुटामेटचे कार्य रोखते आणि गॅबाचा प्रभाव वाढविते. म्हणूनच अतोनात प्यालेला मनुष्य रात्री बोलतो, चालतो, भांडतो. परंतु सकाळी त्याला त्यातील काहीच आठवत नाही. ती आठवण पुसली गेलेली नसते. ती नोंदलीच गेलेली नसते. दीर्घकाळच्या व्यसनात थायमिन या जीवनसत्त्वाची उणीव होऊन स्मृतिभ्रंशाचा जो विकार जडतो, त्यास रशियन वैद्य सर्गेई कोर्साकोफ यांचे नाव मिळाले आहे. १८८७ पासून त्यांनी त्याचे वर्णन केले होते.

आता अपस्माराच्या, म्हणजे आकडीच्या, औषधांचा विचार करू. आकडी म्हणजे असंख्य पेशींचे एकाच वेळी अनावर चेतणे. ते आवरण्यासाठी काही औषधे त्याच गॅबाचे बळ वाढवितात. साहजिकच त्यांचा काही भार बुद्धीवरही पडतो. १९१२ पासून वापरात असलेल्या फेनोबार्बिटालबाबत १९९० मध्ये एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. तापात आकडी आलेल्या बालकांपैकी ज्यांना हे औषध देण्याचे ठरले होते, त्यांचा बुद्ध्यांक दोन वर्षांनी इतर बालकांहून सरासरी ८.४ अंकांनी कमी आढळला. आकड्या मात्र लक्षणीय प्रमाणात घटल्या नव्हत्या. टोपिरामेट घेणाऱ्या काहींना ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. गर्भवतीने व्हॅल्प्रोएट घेतल्यास अपत्याच्या बुद्धिविकासास धोका असतो. याउलट लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासेटाम यांचा स्मृतीवरील भार सामान्यतः कमी असतो. दुसऱ्याने काहींचा स्वभाव चिडखोर होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

येथे एक घातक गल्लत होते. गोळ्यांनी मुलाचे डोके जड होते, मग त्या बंदच करा, असे पालक ठरवितात. औषध एकाएकी तोडल्याने लागोपाठ, न थांबणाऱ्या आकड्या येऊ शकतात. त्यांत मेंदूची हानी होते, प्रसंगी प्राणही जातो. वारंवार येणाऱ्या आकड्या स्वतःच अभ्यास बुडवितात, हेही पालक विसरतात. गुंगी आणणारी गोळी पाचव्या शीलाविरुद्ध आहे, ही शंका तर विनयपिटकानेच निरर्थक ठरविली आहे. पिलिंदवच्छ या भिक्खूच्या वातविकारासाठी मद्य घालून कढविलेल्या तेलास तथागतांनी अनुमती दिली होती. काही भिक्खू त्यात जादा मद्य घालून झिंगू लागले, तेव्हा मद्याचा रंग, गंध व चव जाणवणार नाही इतकेच ते असावे, अशी मर्यादा त्यांनी घालून दिली. औषध कोणते व नशा कोणती, हा विवेक धम्मात इतका जुना आहे.

मूल वर्गात पेंगत असेल, पाठांतर टिकत नसेल, तर शिक्षकांचे निरीक्षण तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. पण ते टप्प्याटप्प्याने आणि त्यांच्याच सल्ल्याने. प्रौढ रुग्णाने गोळीवर मद्य घेतल्यास गुंगी दुणावते आणि झोप बिघडून आकडीस निमित्त मिळते. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने दारू सोडताना वैद्यकीय देखरेख घ्यावी, कारण ती अचानक थांबविल्यावर साधारण ६ ते ४८ तासांत, पूर्वी कधीही आकडी न आलेल्यालाही ती येऊ शकते.