गाणं शाबूत, पण उघडेना!

१९७५ साली टेपवर ध्वनिमुद्रित झालेलं गाणं आज बहुतेक वेळा ऐकता येतं. टेपवरचा थर दमट होऊन चिकट झाला असेल, तर ती पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसला काही तास 'भाजतात', मशीनवर चढवतात आणि गाणं वाजतं. २००२ साली संगणकावर केलेल्या गाण्याचं मात्र काही सांगता येत नाही. डिस्क चालू असते, फाइल जागेवर असते, एक बिटही हललेला नसतो. तरी गाणं उघडत नाही, किंवा अर्धंमुर्धं उघडतं. जुनं टिकलं आणि नवं अडलं, हे कसं?

टेपवर आवाज असतो. संगणकावरच्या 'सेशन' फाइलमध्ये तो नसतोच. ही फाइल म्हणजे नाटकातल्या प्रॉम्प्टरची वही. कोणी कधी प्रवेश करायचा, काय बोलायचं, सगळं लिहिलेलं. नट मात्र वहीबाहेर. तबल्याची फाइल अमुक सेकंदाला सुरू करा, बासरी थोडी खाली ठेवा, गायिकेच्या आवाजाला अमुक कंपनीचं रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लावा, एवढ्याच सूचना तिच्यात असतात. पाच मिनिटांच्या गाण्याचे चोवीस ट्रॅक (२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ) एक जीबीच्या घरात जातात, सेशन फाइल मात्र बहुधा काही एमबींतच मावते. गाणं नव्या संगणकावर न्यायचं तर वही वाचता आली पाहिजे आणि नटही हजर हवेत.

अर्धी फाइल

१९९० च्या दशकात मॅकवर 'साउंड डिझायनर टू' हा फाइलप्रकार सर्रास वापरात होता. जुन्या मॅकवर एकाच फाइलचे दोन भाग असत. एकात ध्वनिलहरीची मोजमापं, म्हणजे नुसते आकडे. दुसऱ्यात ते आकडे किती बिटांचे आणि सेकंदाला किती वेळा घेतलेले, याची नोंद. फाइल विंडोजच्या डिस्कवर उतरवली की हा दुसरा भाग गळून पडे. आवाज सगळा शिल्लक, पण तो वाचायचा कसा हे सांगणारं कोणी नाही.

यावर इलाज आहे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल 'रॉ डेटा' म्हणून उघडता येते. हरवलेली माहिती आपण पुरवायची. सोळा बिटांचा प्रत्येक आकडा दोन बाइटांत लिहिलेला असतो. जुने मॅक मोठा बाइट आधी लिहीत, आजचे संगणक धाकटा आधी लिहितात. क्रम उलटा धरला की १ चे २५६ होतात आणि तानपुऱ्याचा विरत जाणारा झंकार कर्कश खरखर होऊन बाहेर पडतो. क्रम बदला, तोच तानपुरा स्वच्छ ऐकू येतो.

वेग चुकला तर वेगळीच गंमत. सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले आकडे ४८,००० च्या वेगाने वाजवले, तर पाच मिनिटांचं गाणं चार मिनिटं छत्तीस सेकंदांत आटोपतं आणि सूर साधारण दीड पट्टी चढतो. काळी चारमधलं गाणं पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध जाऊन पडतं. पेटीवर तिथे पट्टीच नाही, त्यामुळे पेटी घेऊन बसलेल्याला ही चूक लगेच कळते.

प्लगइन गेले कुठे?

त्याहून चिवट अडचण प्लगइनची, म्हणजे रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, सिंथेसायझर अशा छोट्या सॉफ्टवेअरची. प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या टीडीएम प्रणालीत ते संगणकाच्या प्रोसेसरवर चालतच नसत. वेगळ्या कार्डांवरच्या मोटोरोला चिपवर चालत. २०१३ मध्ये आलेल्या प्रो टूल्स ११ ने ती प्रणाली आणि ३२ बिटांचे प्लगइन दोन्ही सोडून दिले. ॲपलने २००२ मध्ये जर्मनीची इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि तिच्या 'लॉजिक' या सॉफ्टवेअरची विंडोज आवृत्ती बंद केली. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनावर ३२ बिटांचं कोणतंच सॉफ्टवेअर चालेना, आणि पुढच्याच वर्षी मॅकचा प्रोसेसर बदलायला सुरुवात झाली. त्यात अनेक प्लगइनना परवान्याचं डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची छोटी किल्ली, लागे. ते हरवलं की पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअरही कुलूपबंद!

कधी कधी सॉफ्टवेअरची सुधारणाच अंगाशी येते. प्लगइनला आवाजावर काम करायला थोडा वेळ लागतो. पूर्वीच्या अनेक स्वस्त प्रणाली हा उशीर भरून काढत नसत, म्हणून रेकॉर्डिस्ट तो ट्रॅक हातानेच थोडा अलीकडे सरकवत. नवं सॉफ्टवेअर तो उशीर स्वतःच भरून काढतं. एकच दुरुस्ती दोनदा झाली की तबला समेच्या आधी पोचतो. १०२४ मोजमापांइतका उशीर असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २३ मिलिसेकंद आधी.

साधं तेच टिकतं

तेव्हा सगळ्यात टिकाऊ मार्ग सगळ्यात साधा आहे. जुना संगणक चालू आहे तोवर त्याच्यावरच प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून अखंड वेव्ह फाइल म्हणून काढायचा. एकदा कोरा, एकदा इफेक्टसह. सिंथेसायझरचे ट्रॅक वाजवून त्यांचा आवाज करून घ्यायचा, शिवाय त्यांची मिडी फाइल, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा याची नोंद, वेगळी ठेवायची. १९८३ साली ठरलेली मिडीची भाषा आजही सगळ्या सॉफ्टवेअरना कळते. वेव्ह हा प्रकारही १९९१ पासूनचा आणि सर्वत्र चालणारा. लय, पट्टी, बिट, वेग आणि प्लगइनची नावं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या सॉफ्टवेअर कंपन्यांनी 'डीएडब्ल्यू-प्रोजेक्ट' हा सेशनचा खुला फाइलप्रकार आणला. त्याने वही एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येते, पण प्लगइन मात्र तिथे असावेच लागतात.

स्थलांतर नीट झालं का, हे तपासायची युक्ती छान आहे. इफेक्टसह काढलेले ट्रॅक नव्या संगणकावर मांडून मिक्स करायचं, त्याची लहर उलटी करायची आणि जुन्या मिक्समध्ये मिळवायची. तंतोतंत जुळलं तर प्रत्येक १२०० ला उणे १२०० भेटून शून्य, म्हणजे पूर्ण शांतता. जे काही ऐकू येईल, तोच दोघांतला फरक. नुसतीच गायिकेच्या आवाजाची शेपटी ऐकू आली, तर रिव्हर्ब बदललंय हे समजायचं.

वेव्ह फाइल काढल्या तरी त्या एकाच डिस्कवर ठेवून भागत नाही. संगीत कंपन्यांचे संग्रह सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या आयर्न माउंटनने २०२४ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे आलेल्या १९९० च्या दशकातल्या हार्ड डिस्कपैकी सुमारे एक पंचमांश वाचताच येत नाहीत. म्हणून किमान दोन प्रती, वेगवेगळ्या जागी.

घरच्या खोलीत स्टुडिओ थाटून अभंग, भावगीतं, जिंगल करणारे आज गावोगाव आहेत. गाणं हातावेगळं करतानाच ट्रॅक काढून ठेवायला फार तर अर्धा तास जातो. वीस वर्षांनी तेच करायचं तर जुना संगणक, त्याचं डोंगल आणि त्या दिवशी मिक्स करणारा माणूस, हे तिघेही एका वेळी सापडावे लागतात.