तुम्ही जाऊन या, मी बसते खाली



कुठल्याही सहलीत डोंगराचा पायथा आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "तुम्ही जाऊन या, मी बसते खाली." म्हणणारी बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेली असते. आपल्या सोलापुरात तर अर्धं आयुष्य मांडी घालून विड्या वळण्यात गेलेल्या कितीतरी मावश्या आहेत, त्यांच्या गुडघ्यांबद्दल मी वेगळं सांगायला नको. मग सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि एखादं झोपलेलं नातवंड तिच्या हवाली करून बाकीचे वर जातात. वरून काय दिसतं ते तिला नंतर फोनमधल्या फोटोत बघायला मिळतं. आज बोलायचंय ते या बाईला वर कसं न्यायचं याबद्दल, आणि नेताना कुणाच्या जिवावर न्यायचं याबद्दलही.

विषय निघाला तो एका व्हिडिओवरून. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक परदेशी असते. तिनं पाठवलेल्या व्हिडिओत आठ-दहा माणसं दोन चाकांच्या गाडीवर उभी राहून, एकामागं एक, टेकडीवर चालली होती. पेडल नाही, बसायला सीट नाही, आवाज नाही. पुढं एक वाटाड्या. वर पोचल्यावर खाली पसरलेलं सगळं शहर. बैठकीत सगळ्यांनी तो तीनतीनदा पाहिला आणि एकीनं विचारलं, "हे आपल्याकडं असतं तर मीपण वर गेले असते की. का नाही हे आपल्याकडं?"

त्या गाडीचं नाव सेगवे. अमेरिकेतल्या डीन केमन नावाच्या संशोधकानं ती २००१ च्या डिसेंबरात जगापुढं आणली. ती पडत कशी नाही, हे समजायला सोपं आहे. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलाय. काठी पुढं कलली की हात पुढं न्यायचा, मागं कलली की मागं. काठी जिकडं पडू पाहते तिकडं खालचा हात धावतो, म्हणून ती उभी राहते. सेगवेमध्ये काठी म्हणजे आपण आणि तळहात म्हणजे चाकं. आपण किती कललो हे आतली यंत्रं सेकंदाला शंभरेक वेळा मोजतात आणि मोटर तेवढी चाकं फिरवते. पुढं झुकलं की गाडी पुढं, ताठ झालं की थांबली, मागं रेललं की मागं. वेग फार तर ताशी २० किलोमीटर.

अशा गाडीवरच्या सहलीत आधी मोकळ्या जागेत थोडा वेळ सराव करून घेतात, डोक्याला हेल्मेट देतात आणि मग वाटाड्यामागं रांगेनं निघायचं. पण वजनाची अट असते, साधारण ४५ किलोपेक्षा कमी नाही आणि ११८ पेक्षा जास्त नाही. गरोदर बाईला सहसा घेत नाहीत. चाकं दोन्ही पायांच्या अगदी लगत फिरतात, म्हणजे साडीच्या निऱ्यांचा आणि पदराचा विचार करा. आणि मुख्य म्हणजे सगळा वेळ गुडघे किंचित वाकवून उभंच राहायचं. मी हे सांगितलं तशी विचारणाऱ्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "मग ती गाडी ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांच्यासाठीच की!"

खरं आहे ते. शिवाय तोल सांभाळणारं यंत्र असलं तरी त्याला मर्यादा आहेत. २००३ साली कंपनीला तोवर विकलेल्या सगळ्या गाड्या, साधारण सहा हजार, दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण बॅटरी संपत आली की माणसं पडत होती. २०१० मध्ये तर या कंपनीचे मालक जिमी हेसेल्डन इंग्लंडमध्ये नदीकाठच्या कड्यावरून या गाडीसकट खाली कोसळून वारले. प्राग शहरात पर्यटकांच्या सेगवेचा पायी चालणाऱ्यांना इतका जाच झाला की २०१६ साली शहराच्या जुन्या भागात तिला बंदी घातली गेली. मुंबई पोलिसांनाही २०२० साली समुद्रकिनाऱ्यावर गस्त घालायला अशा तोल सांभाळणाऱ्या गाड्या दिल्या होत्या. पण मूळ सेगवेचं उत्पादन त्याच वर्षी बंद झालं. सपाट, गुळगुळीत रस्त्यावरची ती हौस होती, असं माझं मत.

पण मावशींचा प्रश्न त्यामुळं संपत नाही. आवाज न करणारी, धूर न सोडणारी गाडी डोंगरावर असावी की नसावी, यावर आपल्याच महाराष्ट्रात कित्येक वर्षं भांडण चाललं आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. ते गाव म्हणजे माथेरान.

माथेरान रायगड जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथं चढून गेले आणि पुढं इंग्रजांनी ते थंड हवेचं ठिकाण केलं. तिथं मोटारींना बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारनं हा भाग पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर कुठलंही मोटरवाहन गावात जात नाही. सगळ्यांच्या गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात आणि तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. म्हणून तिथं हवा स्वच्छ, झाडी दाट आणि रस्ता तांबड्या मातीचा. पॅनोरमा, इको, लुईझा, शार्लोट तलाव अशी पाहायची ठिकाणं जंगलात विखुरलेली. ऐकायला किती छान!

आता हे चित्र थोडं दुसऱ्या बाजूनं बघा. मोटार नाही म्हणजे ओझं गेलं कुठं? ते माणसाच्या आणि घोड्याच्या अंगावर गेलं. माथेरानला हातरिक्षा होत्या. एकजण पुढं दांड्याला धरून ओढतो, एक-दोघं मागून रेटतात आणि आत एक पाहुणा बसतो. चढाचा रस्ता, पावसाळ्यात निसरडा. परवानाधारक ९४ हातरिक्षा, आणि त्या ओढणाऱ्यांचं पोट त्याच कामावर. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यासाठी खाली यायचं तरी हीच पायपीट, शाळकरी मुलांनाही तीच. "माथेरानमध्ये गाडी नाही, किती मजा" असं म्हणणारे आपण दोन दिवसांचे पाहुणे. तिथं राहणाऱ्या बाईला गॅसचं सिलिंडर घरी आणायचं तरी ते कुणाच्या ना कुणाच्या पाठीवरून येणार.

याच गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनी मिळून अनेक वर्षं मागणी लावून धरली, की आमच्या हातात बॅटरीवर चालणारी रिक्षा द्या. घोडेवाल्यांचा विरोध होता. तोही समजून घेतला पाहिजे, त्यांच्याही चुली त्याच रस्त्यावर पेटतात. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रयोग करून पाहायला परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा तीन महिन्यांसाठी धावल्या. शाळेची मुलं त्यात बसून गेली, वयस्कर माणसं बसून गेली. पुढं एकूण वीस ई-रिक्षांची मर्यादा ठरली आणि त्या नक्की कुणाला मिळाव्यात यावरून पुन्हा वाद झाला. ज्यांनी रिक्षा ओढली त्यांनाच त्या मिळाव्यात, हॉटेलवाल्याला किंवा ठेकेदाराला नव्हे, हा तो मुद्दा.

२०२५ च्या ६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सरन्यायाधीश भूषण गवई त्या पीठाचे प्रमुख होते. माणसानं माणसाला ओढणं हे माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, म्हणून सहा महिन्यांत माथेरानच्या हातरिक्षा टप्प्याटप्प्यानं बंद करा, असं त्यांनी राज्य सरकारला सांगितलं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही सांगितलं. खरे रिक्षा ओढणारे कोण ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ठरवायचं आणि त्यांना ई-रिक्षा द्यायच्या. किती रिक्षा लागतील तेही परिस्थिती पाहून समितीनंच ठरवायचं.

आणि आता आपल्या कामाचं. त्यातून ज्या ई-रिक्षा उरतील त्या आदिवासी महिलांना आणि परिसरातल्या इतर गरजूंना उपजीविकेसाठी देता येतील, असंही त्या निकालात आहे. न्यायालयानं उदाहरण दिलं ते गुजरातमधल्या केवडियाचं. सरदार पटेलांच्या उंच पुतळ्याजवळ पर्यटकांना नेणाऱ्या ई-रिक्षा तिथल्या आदिवासी बाया चालवतात. मला हे वाचून फार बरं वाटलं. पर्यटनात बायकांच्या वाट्याला नेहमी काय येतं? भांडी, चादरी धुणं, फार तर मक्याची कणसं भाजणं. गाडीचं स्टिअरिंग क्वचितच.

हे आपल्यापासून फार लांबचंही नाही. राज्य सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत जे आठ जिल्हे आहेत त्यांत सोलापूर आहे. रिक्षाच्या किमतीचा दहा टक्के वाटा बाईचा, वीस टक्के सरकारचा आणि सत्तर टक्के बँकेचं कर्ज, अशी तिची मांडणी. दहा टक्क्यांची रक्कम गटाच्या अंतर्गत कर्जातून उभी करता येईल का, याचा विचार गटांनी जरूर करावा. पण सत्तर टक्क्यांचा हप्ता दर महिन्याला येणार आहे. त्या मार्गावर रोजचे प्रवासी किती, चार्जिंग कुठं करायचं, बॅटरी बदलायची वेळ आली तर खर्च किती, हे कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका. नुसती गुलाबी रंगाला भुलून रिक्षा घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

आता प्रत्यक्ष सहलीचं. आपली मुंबईची गाडी कर्जत-नेरळवरूनच जाते, पण एक्स्प्रेस नेरळला थांबत नाही. तुमची गाडी कर्जतला थांबत असेल तर तिथं, नाहीतर कल्याणला उतरून लोकलनं नेरळ गाठायचं. नेरळहून छोटी गाडी आहेच, १९०७ साली पीरभॉय कुटुंबानं बांधलेली, दोन फुटी रुळांवरून वळणं घेत एकवीस किलोमीटर चढणारी. हौस म्हणून तिनं जरूर जा, पण डबे लहान, जागा मोजक्या आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. वीस-पंचवीस बायकांच्या गटाला नेरळहून शेअर टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत जाणं सोयीचं.

दस्तुरीला उतरलं की माणसं भोवती गोळा होतात आणि कुणी सांगतं ट्रेन बंद आहे, कुणी सांगतं घोड्याशिवाय वर जाताच येत नाही. या फसवणुकीला कंटाळून माथेरानकरांनी स्वतःच २०२५ च्या मार्चमध्ये गाव बंद ठेवलं होतं. तेव्हा शांतपणे पुढं चला. अमन लॉज स्टेशन तिथून थोड्याच अंतरावर आहे आणि तिथून माथेरान बाजारापर्यंत शटल धावते, पावसाळ्यातही. तिकीट खिडकीवरच काढा. ई-रिक्षाची चौकशीही नाक्यावर करा आणि भाड्याचा फलक वाचूनच बसा.

एक गोष्ट मावशींना आधीच सांगून ठेवा. ई-रिक्षा तुम्हाला बाजारापर्यंत नेते, पॉइंटवर नाही. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावरच पेव्हर ब्लॉक बसवायची परवानगी आहे. आतले रस्ते मातीचेच राहणार, तेही न्यायालयानं स्पष्ट केलंय. मला ते पटतं. आतपर्यंत फरशी गेली की फरशीमागून चाकं जातील आणि मग जे पाहायला आलो तेच उरणार नाही.

म्हणून ठिकाणं निवडताना गुडघ्यांचा हिशेब धरा. पॅनोरमा पॉइंट सूर्योदयासाठी नावाजलेला, पण तो गावाच्या उत्तर टोकाला आहे आणि बरंच चालावं लागतं. धडधाकट असतील त्यांनी पहाटे निघावं. बाकीच्यांनी बाजाराला लागूनच असलेला खंडाळा पॉइंट धरावा. तिथं सावकाश, काठी टेकत जाता येतं आणि दरी तिथूनही दिसते. घोडा घ्यायचा तर घोड्याचा दर, किती ठिकाणं आणि परत कुठं सोडणार हे आधी ठरवून घ्या. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी मागं मागं सरकू नका, सगळीकडं कठडे नाहीत. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत वर ठेवू नका, तळाशी ठेवा.

आमच्या गटानं दिवाळीनंतरची तारीख धरलीय. नावं नोंदवताना मी या वेळी एक जादा रकाना आखलाय, "किती चालता येईल?" असा. पहिल्या दिवशी एकोणीस जणींनी तो भरला. त्यातल्या सात जणींनी लिहिलंय, अर्धा किलोमीटर. त्या सातजणींची शटलची तिकिटं एकत्र काढायची आणि त्यांच्याबरोबर दोघी तरुण सुना ठेवायच्या, एवढं ठरलंय. पिशव्या कोण सांभाळणार, ते अजून ठरायचंय.