एसीच्या नळ्या जोडताना पंप कशाला?

घरात स्प्लिट एसी बसवताना आतले व बाहेरचे यंत्र तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडतात. नळीचे टोक कर्ण्यासारखे फुलवून पितळी नटाने आवळले, की काम झाले असे वाटते. पण नळीत अजून हवा असते. ती संघनकात अडून दाब वाढवते. हवेतला ओलावा त्याहून वाईट. तो यंत्राच्या तेलात मुरतो, त्यातून आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो.

मग हा ओलावा काढायचा कसा? चंबूत पाणी उकळून, आच काढून बूच लावायचे आणि उलट्या चंबूवर गार पाणी ओतायचे. आतले पाणी पुन्हा उकळू लागते. वर्गातला हा नेहमीचा प्रयोग. दाब घटला, की उत्कलनबिंदू उतरतो. पारा ७६० मिलिमीटरऐवजी ३२ मिलिमीटरवर आला, तर पाणी ३० अंश सेल्सिअसलाच उकळते. निर्वात पंप दाब अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरवतो. नळीतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो. पंप बंद केल्यावर दाब पुन्हा चढत राहिला, तर जोड गळतो आहे किंवा ओलावा उरला आहे.

घाईतला कारागीर पंपाऐवजी थोडा गॅस सोडून हवा हुसकतो. आर-२२ च्या काळात हे सर्रास चाले. आजचा आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता अडवतो. आणि एवढे करून नळीच्या भिंतीला चिकटलेला ओलावा जागीच राहतो.