शेतकरी उत्पादक कंपन्यांना भाड्याच्या डेटा साठवणुकीची गरज का भासते?

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध असून 'एक जिल्हा एक उत्पादन' उपक्रमात या जिल्ह्यासाठी वाटाण्याचीच निवड झाली आहे. शहपुरा हा त्यातील एक प्रमुख वाटाणा पट्टा होय. वाटाण्याचा हंगाम हिवाळ्यातील मोजक्या आठवड्यांत आटोपतो. त्या काळात आवक, वजन, प्रत, दर आणि देणी यांच्या असंख्य नोंदी रोज होतात. अशा पट्ट्यातील शेतकरी उत्पादक कंपनीच्या नोंदी एकाच संगणकात असतील आणि ऐन हंगामात त्याची हार्ड डिस्क निकामी झाली, तर कोणत्या सभासदाचे किती पैसे देणे आहे, हे सिद्ध करणे कठीण होते.

यासाठी दूरच्या डेटा केंद्रातील जागा भाड्याने घेता येते. यालाच क्लाउड साठवण म्हणतात. शीतगृहाप्रमाणेच येथे जागा सेवादाराची, पण माल ठेवणाऱ्याचा असतो.

मागणीची तीन कारणे

*कायदा :* उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली येते. ऑगस्ट २०२२ मधील नियमदुरुस्तीनुसार, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. हिशेब किमान आठ आर्थिक वर्षे जपावे लागतात.

*खरेदीदार :* युरोपला जाणाऱ्या महाराष्ट्रातील द्राक्षांसाठी अपेडाच्या 'ग्रेपनेट' प्रणालीत बागेची नोंदणी व उर्वरित अंश तपासणीची माहिती ठेवली जाते. मालाचा माग दाखवता येणे ही अन्य पिकांच्या व्यापारातही महत्त्वाची बाब आहे.

*सभासदांची माहिती :* कंपनीकडे सभासदांचे बँक खाते, भ्रमणध्वनी व जमिनीचा तपशील असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, साठवणूक इतरांकडे सोपवली तरी माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवरच राहते.

जागा किती लागते?

१,००० सभासदांची प्रत्येकी पाच कागदपत्रे आणि प्रत्येक छायाप्रत २ एमबीची धरल्यास सुमारे १० जीबी जागा पुरते. हिशेबाच्या नोंदींना याहून बरीच कमी जागा लागते. म्हणजेच लहान कंपनीची खरी गरज मोठ्या जागेची नसून माहिती हमखास परत मिळण्याची आहे. केवळ स्वस्त जागा पाहून सेवा निवडणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

सेवा घेण्यापूर्वी तपासावयाच्या बाबी

१. सर्व्हर भारतात असल्याचे आणि प्रत रोज आपोआप निघत असल्याचे करारात नमूद असावे.

२. जुन्या प्रती किती दिवस राहतात, हे विचारावे. काही सेवांत संगणकावरील फाइल पुसली की क्लाउडवरीलही पुसली जाते. अशा सेवेला सुरक्षित प्रत म्हणता येत नाही.

३. करार संपल्यावर सर्व माहिती वापरण्यायोग्य स्वरूपात परत मिळण्याची अट असावी.

४. खाते कंपनीच्या नावे असावे. ते व्यवस्थापकाच्या वैयक्तिक ई-मेलवर असल्यास, त्याने नोकरी सोडताच माहितीवरील ताबा जाऊ शकतो.

५. इंटरनेट खंडित झाल्यास काम थांबू नये म्हणून एक प्रत बाह्य हार्ड डिस्कवरही ठेवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी कंपन्यांना हंगामापूर्वी एकदा जुनी प्रत प्रत्यक्ष उघडून पाहण्यास सांगावे. उघडून न पाहिलेल्या प्रतीचा आयत्या वेळी भरवसा धरता येत नाही.